नाश्ता तयार आहे, पण लेकरं येत नाहीत

प्रश्न : सप्रेम नमस्कार. मी बीड जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेची मुख्याध्यापिका आहे. पहिली ते आठवी, पट 138. आमच्या शाळेचे एक माजी विद्यार्थी पुण्यात व्यवसाय करतात. त्यांच्या मदतीने जुलैपासून आम्ही सकाळचा नाश्ता सुरू केला. शाळा दहाला भरते, नाश्ता सव्वानऊ ते पावणेदहा. उपमा, पोहे, कधी शिरा. सुरुवातीला नव्वद-शंभर लेकरं यायची, आता पंचवीस-तीसवर आलो आहोत. अन्न वाया जायला लागलं म्हणून ऑगस्टमध्ये वर्गशिक्षकांनी गरजू मुलांची यादी केली, तर यादीतलीही निम्मी येत नाहीत. सहावी-सातवीच्या मुली एकही नाही. पालकसभेत एक आई फणकाऱ्याने म्हणाली, ‘आम्ही काय लेकरं उपाशी पाठवतो का?’ सहकारी म्हणतात, सक्ती करा, नाहीतर येणाऱ्यांना बक्षीस ठेवा. देणगीदार दर आठवड्याला फोटो आणि आकडा मागतात. परवा म्हणाले, ‘मॅडम, मुलांना गरजच नसेल तर हे पैसे संगणकांना वापरू.’ इकडे दिवाळी झाल्यावर निम्म्या घरांतले आईबाप ऊसतोडीला गेलेत, लेकरं आजी-आजोबांकडे आहेत. गरज नाही हे मला काही केल्या पटत नाही. मार्चपर्यंत मुदत आहे. काय करावं?
(नाव-गाव राखून ठेवलं आहे.)

ताई, नमस्कार.

मलाही ते पटत नाही. कारण तुमचा पंचवीस-तीसचा आकडा भूक मोजत नाही. सव्वानऊला शाळेत कोण पोचू शकतं, आणि सगळ्यांच्या देखत त्या ओळीत उभं राहायला कोणाला लाज वाटत नाही, एवढंच तो सांगतो.

आधी भुकेचा हिशेब करून बघू. कारखान्यावर गेलेल्या घरात मागे राहिलेली आजी दिवस मावळला की चूल आटोपते. सात वाजता लेकरं जेवली असं धरू. सकाळी आजीच्या हातून होतो तो चहा, सोबत बटर किंवा टोस्ट. भाकरी होते ती उशिरा, किंवा रात्रीची उरली असेल तर तीच. शाळेची खिचडी एक वाजता. म्हणजे संध्याकाळी सात ते दुपारी एक, तब्बल 18 तास, आणि मध्ये फक्त चहा. त्यातच पहिल्या दोन तासिका, म्हणजे बहुतेक शाळांत गणित आणि भाषा. ज्या आईने तुम्हाला फणकाऱ्याने उत्तर दिलं, तिच्याही घरी कमी-अधिक हेच चालत असेल, आणि ती खोटंही बोलत नव्हती. रात्री पोटभर जेवलेलं लेकरू तिच्या लेखी उपाशी नाहीच.

2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात ही गोष्ट स्पष्ट लिहिलेली आहे. पौष्टिक नाश्त्यानंतरचे सकाळचे तास अवघड विषयांसाठी सगळ्यात चांगले, म्हणून दुपारच्या जेवणाबरोबर सकाळचा नाश्ताही द्यावा, असं ते धोरण म्हणतं. गरम देणं जमत नसेल तर शेंगदाणे किंवा हरभरे, सोबत गूळ आणि गावात मिळेल ते फळ, इतकी साधी सोयही त्यात सुचवली आहे. देशभरासाठी त्याची योजना अजून उभी राहिलेली नाही, म्हणून तुमच्यासारख्या शाळांना देणगीदार शोधावे लागतात. तेव्हा तुम्ही काहीतरी जास्तीचं करताय असं कुणी म्हणालं तर धोरणाचं ते पान काढून दाखवा.

आता कामाचं. पुढचा एक आठवडा काहीही बदलू नका, फक्त नोंद ठेवा. रोज येणारी मुलं कोणत्या वर्गातली, मुली किती, मुलं किती, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे राहतात कुठे. माझा अंदाज असा की तुमची पंचवीस-तीस मुलं बहुतेक गावठाणातली निघतील, शाळेपासून हाकेच्या अंतरावरची. ती लवकर पोचतात कारण त्यांना चालायचं नसतं, आणि बऱ्याचदा त्यांच्याच घरी सकाळी चूल लवकर पेटते. तांड्यावरची आणि वस्तीवरची मुलं दोन-दोन किलोमीटर चालत येतात. त्याआधी पाणी भरायचं, शेरडं सोडायची, धाकट्याचं आवरून त्याला अंगणवाडीत पोचवायचं. हे सगळं करून दहाला पाच कमी असताना धापा टाकत शाळेत शिरणारी सातवीतली मुलगी सव्वानऊच्या नाश्त्याला येणार कशी? ज्यांच्यासाठी तुम्ही हे सुरू केलं, त्यांनाच ती वेळ गाठता येत नाही. हा अंदाज खरा की खोटा ते आठवडाभराच्या नोंदीत दिसेल. खरा निघाला तर देणगीदारांच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर तिथेच मिळालं.

हा अनुभव आपल्याकडचाच आहे असं नाही. अमेरिकेत सरकारी शाळांमध्ये नाश्त्याची योजना 1966 मध्ये प्रयोग म्हणून सुरू झाली, 1975 मध्ये कायमची झाली. तरी इतक्या वर्षांनंतरही तिथे शाळेत दुपारी जेवणाऱ्या मुलांच्या मानाने नाश्ता करणारी मुलं खूपच कमी असतात. तीच मुलं, तीच शाळा, तेच स्वयंपाकघर. मग फरक का? नाश्ता घंटेच्या आधी असतो आणि शाळेची बस घंटेच्या जेमतेम आधी पोचते. शिवाय लवकर येऊन कँटीनमध्ये बसणारा तो गरिबाघरचा, असा शिक्का बसतो. तिथल्या ज्या शाळांनी नाश्ता घंटेनंतर, वर्गातच, सगळ्यांना द्यायला सुरुवात केली तिथे आकडा झपाट्याने वर गेला. पदार्थ तेच, वेळ आणि जागा तेवढी बदलली.

म्हणून माझा पहिला आणि सगळ्यात आग्रहाचा सल्ला : नाश्ता शाळेच्या वेळेत घ्या. दहाला परिपाठ, मग हात धुणं, आणि सव्वादहा ते साडेदहा वर्गवार व्हरांड्यात पंगत. प्रत्येक वर्गाची ताटं त्या वर्गाकडे, वाढायला त्या वर्गातली दोन मुलं, आळीपाळीने. शिक्षकांनी हजेरी याच पंधरा मिनिटांत घ्यावी. वरच्या वर्गातल्या एकाने वर्तमानपत्र किंवा गोष्ट मोठ्याने वाचावी, म्हणजे तासिका बुडाली ही तक्रार उरणार नाही. पहिले आठ-दहा दिवस पंधराची पंचवीस मिनिटं होतील, सांडलवंड होईल, कुणीतरी म्हणेल की शाळेचं हॉटेल झालं. होऊ द्या. मुलांना सवय लागली की पंधरा मिनिटं पुरतात. मधली सुट्टी मात्र एकवरून दीडला न्या, म्हणजे खिचडी उरणार नाही.

तुम्ही विचाराल की तमिळनाडूत तर घंटेआधीच नाश्ता देतात आणि तो उत्तम चालतो, मग आपल्याकडे का नाही? प्रश्न रास्त आहे. तिथली मुख्यमंत्री नाश्ता योजना 15 सप्टेंबर 2022 रोजी मदुराईत सुरू झाली, तेव्हा 1,545 शाळा आणि सुमारे 1 लाख 14 हजार मुलं होती. 25 ऑगस्ट 2023 पासून ती राज्यातल्या 31 हजार सरकारी प्राथमिक शाळांत गेली, मुलं 17 लाखांच्या आसपास झाली. पुढे अनुदानित शाळाही त्यात आल्या. पण तिथली मुलं पहिली ते पाचवीची, शाळा बहुतेक घराजवळच्या. शिवाय दोन गोष्टी त्यांनी फार विचार करून केल्या. नाश्ता त्या शाळेतल्या प्रत्येक मुलाला, यादीबिदी काही नाही. आणि स्वयंपाक करणारी बाई बचत गटातली, त्याच गावची, शक्यतो जिचं स्वतःचं मूल त्याच शाळेत शिकतंय अशी. जिचं लेकरू त्याच पंगतीत बसणार आहे ती बाई पोंगल करपू देत नाही, आणि तिला सगळ्या घरांची खबर असते. कोण आज आलं नाही, का आलं नाही, हे तिला शिक्षकांच्या आधी कळतं. तुमच्या शाळेला तमिळनाडूची वेळ लागू पडणार नाही. या दोन गोष्टी मात्र लागू पडतील.

त्यातली पहिली यादीची. ताई, ती यादी आजच रद्द करा. तुमच्या सहकाऱ्यांनी ती चांगल्या हेतूने केली हे मला कळतं, अन्न वाया जाताना बघवत नाही. पण गरजू मुलांच्या यादीत नाव आलं की गावात त्याचा अर्थ एकच होतो, आणि तो त्या मुलाच्या आधी त्याच्या आजीपर्यंत पोचतो. पालकसभेतली ती आई नाश्त्याला विरोध करत नव्हती, तिच्या घरावर मारलेल्या शिक्क्याला विरोध करत होती. तिच्या जागी तुम्ही-मी असतो तरी हेच बोललो असतो. खिचडीला कुणी यादी लावत नाही, म्हणून सरपंचाचा नातू आणि सालगड्याचा मुलगा शेजारी बसून खातात आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही. नाश्त्यालाही तेच लावा. घरून खाऊन आलेल्याने नको म्हटलं तर नको, पण ताट सगळ्यांपुढे यावं. आणि शिक्षकांनी तोच नाश्ता, त्याच पंगतीत बसून खावा. खिचडी शिक्षकांनी आधी चाखायची असते, त्याची नोंदही होते. नाश्त्याला चाखण्यापुरतं थांबू नका, पूर्ण ताट घ्या. सगळे शिक्षक खाताहेत म्हटल्यावर हे गरिबांचं खाणं आहे असं कोण म्हणेल?

सहावी-सातवीच्या मुली का येत नाहीत, याचं कारण मला वाटतं तुमच्या पत्रातच आहे : दर आठवड्याचे फोटो. बारा-तेरा वर्षांच्या मुलीचा हातात ताट घेतलेला फोटो देणगीदारांच्या गटावर जातो, तिथून गावच्या गटावर येतो, आणि संध्याकाळी चुलत भाऊ तिला तो दाखवून चिडवतो. ती दुसऱ्या दिवशी येत नाही, आणि का येत नाही ते तुम्हाला सांगतही नाही. मी एका शाळेत बघितलं आहे, कॅमेरा निघाला की मोठ्या मुली ताट खाली ठेवून ओढण्या सारख्या करायच्या आणि मग तशाच उठून हात धुवायला जायच्या. तेव्हा फोटो बंद. देणगीदारांना स्वयंपाकघराचा फोटो पाठवा, धान्याच्या कोठीचा पाठवा, फळ्यावर लिहिलेल्या आठवड्याच्या पदार्थांचा पाठवा. लेकरांच्या चेहऱ्यांचे नकोत. त्याच मुलींकडे पदार्थ ठरवायचं आणि हिशेब ठेवायचं काम द्या. घेणाऱ्यांच्या ओळीत उभं राहायला त्यांना जड जातं, चालवणाऱ्यांत बसायला आवडेल.

आणखी एक कारण असू शकतं, आणि ते पालकसभेत कुणी उघड बोलणार नाही. नाश्ता कोणाच्या हातचा, यावर तुमच्या गावात कुजबुज आहे का? नसेल तर उत्तम. पण बघा. सप्टेंबर 2023 मध्ये तमिळनाडूतल्या तूतुकुडी जिल्ह्यातल्या एका गावात दलित बाईने रांधलेला नाश्ता मुलांनी खाऊ नये असं घरच्यांनी बजावलं होतं. तेव्हा मंत्री आणि खासदार शाळेत गेल्या आणि मुलांच्या शेजारी बसून तोच नाश्ता त्यांनी खाल्ला. आपल्या गावात असं काही असेल तर कागदी समज देत बसू नका. सरपंच, पोलीस पाटील, केंद्रप्रमुख, जो कुणी वजनदार माणूस तुमच्या बाजूने उभा राहील त्याला पंगतीला बोलवा. आणि स्वयंपाक करणाऱ्या बाईंना बदलायचं नाही. कितीही दबाव आला, कुणी कितीही गोड बोलून सुचवलं, तरी नाही.

पदार्थांचं थोडक्यात सांगते. उपमा, पोहे, शिरा हे तिन्ही पोट भरतात, पण त्यांत प्रथिनं कमी आणि तिन्ही निवले की नकोसे होतात. आठवड्यातले दोन दिवस चूल पेटवूच नका. त्या दिवशी शेंगदाण्याचा लाडू किंवा चिक्की आणि केळं. शेंगदाणा आपल्याकडचा, टिकणारा, आणि 30 ग्रॅम शेंगदाण्यात सात-आठ ग्रॅम प्रथिनं, म्हणजे एका अंड्याहून थोडी जास्तच. कुणाला शेंगदाणा बाधतो का, ते मात्र पालकांना आधी विचारून घ्या. एक दिवस उकडलेलं अंडं, न खाणाऱ्यांना मटकीची किंवा हरभऱ्याची उसळ. उरलेल्या दिवशी पोहे करा, पण त्यात शेंगदाणे हात सैल सोडून घाला आणि वर लिंबू पिळा. लिंबाने अन्नातलं लोह अंगी लागतं. चहाने उलट होतं, म्हणून नाश्त्यासोबत चहा देऊ नका, मुलांनी मागितला तरी. लोहाच्या साप्ताहिक गोळ्या तुमच्याकडे येत असतीलच. त्या रिकाम्या पोटी घेतल्या की मळमळतं, आणि मग मुलं त्या गुपचूप फेकून देतात. गोळी पोटात काही असताना द्या, तीही नाश्त्याच्या वेळी नको, खिचडीनंतर. आणि एखादं लेकरू अर्धा लाडू खिशात घालताना दिसलं तर ओरडू नका. तो घरच्या धाकट्यासाठी असतो. अशा मुलाला हळूच दुसरा द्या, आणि धाकट्याचं नाव अंगणवाडीत आहे का ते विचारून घ्या.

पदार्थ बदलल्याने आकडा थोडा वाढेल, वेळ आणि यादी बदलल्याने पुष्कळ. म्हणून क्रम तोच ठेवा. बरेच जण आधी पदार्थांच्या मागे लागतात, कारण ते सोपं असतं आणि त्यात शाळेचं वेळापत्रक हलवावं लागत नाही.

सक्ती आणि बक्षीस, दोन्ही नकोत. सक्तीने मूल ताटापुढे बसेल, खाणार नाही, आणि तुम्हाला पुन्हा वाया गेलेलं अन्न दिसेल. बक्षीस लावलं की घरी खाऊन आलेलं मूल इथेही खाईल, आणि ज्याला घरच्या कामामुळे उशीर झाला त्याची आणखी एक गोष्ट हुकेल. उपवासाच्या दिवशी मोठ्या मुली येणार नाहीत. त्यांच्यासाठी केळं आणि शेंगदाणे ठेवलेत तर त्याही येतील. ऊसतोडीला गेलेल्यांच्या लेकरांसाठी असलेल्या हंगामी वसतिगृहातल्या मुलांना सकाळ-संध्याकाळचं जेवण असतं, तरी त्यांना वगळू नका. तुमच्या पंगतीतून आणखी कोणी वजा करायला लागलात की यादी मागच्या दाराने परत आली.

आता देणगीदार. त्यांच्यावर रागावू नका, त्यांना आकडा हवाय तर योग्य आकडा द्या. 138 पैकी किती, असं मोजू नका. त्या दिवशी खिचडी किती जणांनी खाल्ली हे तुमच्या शालेय पोषण आहाराच्या नोंदवहीत असतंच. त्या आकड्याशी नाश्त्याचा आकडा ताडून पाहा. अमेरिकेत असंच मोजतात : सवलतीचं जेवण घेणाऱ्या दर 100 मुलांमागे नाश्ता किती जण करतात. आणि तिथे भुकेच्या प्रश्नावर काम करणाऱ्यांनी ठेवलेलं उद्दिष्टही 70 चं आहे, 100 चं नाही. तेव्हा तुमच्याकडे 100 मागे 60 किंवा 70 झाले तर ते अपयश नव्हे. सगळीच्या सगळी 138 येत नाहीत म्हणून खंत करू नका.

त्यांना आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगा, कारण ती लपवली तर मार्चमध्ये अंगावर येईल. नाश्त्याने तीन महिन्यांत गुण वाढतील असं आश्वासन देऊ नका. जमैकातल्या खेड्यांतल्या शाळांत 1990 च्या दशकात एक चांगला अभ्यास झाला होता. निम्म्या मुलांना वर्षभर नाश्ता दिला, उरलेल्यांना संत्र्याची एक फोड आणि तेवढाच जिव्हाळा. नाश्ता मिळालेल्यांची हजेरी, उंची, वजन थोडं सुधारलं, लहान मुलांचं गणितही सुधारलं, पण थोडंच. त्याच देशातल्या आणखी एका पाहणीत असं दिसलं की नीट चालणाऱ्या शाळेत नाश्त्यानंतर मुलं अभ्यासात रमली, आणि गर्दीच्या, अव्यवस्थित वर्गांत ती नुसती जास्त बोलायला लागली. न्यूयॉर्क शहरात वर्गात नाश्ता सुरू केल्यावर खाणारी मुलं खूप वाढली, पण परीक्षेच्या गुणांत म्हणावा असा फरक पडला नाही. पोट भरलेल्या मुलाला शिकवावं लागतंच, आणि ते काम तुमचं आणि तुमच्या सहकाऱ्यांचं. देणगीदारांना एवढंच लिहा : ‘पहिल्या तासिकेत उपाशी बसणारं मूल आमच्या शाळेत राहू नये, यासाठी हा पैसा आहे. संगणक जरूर द्या, पण या पैशातून नको.’ हे वाक्य गुणांच्या तक्त्याइतकं भारदस्त दिसणार नाही, पण ते खरं आहे, आणि भला माणूस असेल तर त्याला ते समजेल. डिसेंबर आणि जानेवारीचे नवे आकडे हातात घेऊनच त्यांच्याशी बोला, आत्ताच्या आकड्यावर निर्णय होऊ देऊ नका. जमलं तर त्यांना एकदा सव्वादहाच्या पंगतीला बोलवा.

पैसे कमी पडले तर गावातलं स्नेहभोजन नाश्त्याकडे वळवा. वाढदिवस, बारसं, वर्षश्राद्ध, कुणाच्या नोकरीचे पेढे. लोक द्यायला तयार असतात, फक्त त्यांना वाटतं की द्यायचं म्हणजे जिलबीचं जेवणच द्यायला हवं. पन्नास डझन केळी किंवा दहा किलो शेंगदाणे चालतील म्हटलं की देणारे वाढतात. आणि मार्चनंतर सकाळची शाळा सुरू झाली की नाश्ता पहिल्या सुट्टीत घ्या. त्या दिवसांत मुलं साडेसहाला उठून तशीच येतात, तेव्हा तर तो हवाच.

शाळा व्यवस्थापन समितीची सभा याच आठवड्यात घ्या. तिच्यात तीनचतुर्थांश पालक असतात, तेव्हा वेळ बदलायचा ठराव तिथूनच होऊ द्या, म्हणजे तो मॅडमचा हट्ट ठरणार नाही. पण त्या सभेत पहिला विषय वेळेचा घेऊ नका, स्वयंपाकीण मावशींचा घ्या. खिचडीसाठी त्यांना दोन-अडीच हजारांच्या घरात मानधन मिळतं, तेही वेळेवर मिळेलच असं नाही, आणि तुमचा नाश्ता त्या त्याच मानधनात करताहेत का, हे तुमच्या पत्रात कुठेच नाही. तसं असेल तर देणगीतला पहिला वाटा त्यांचा. रोजचे दोन तास धरून महिन्याची रक्कम ठरवा, ठरावात लिहा, आणि पहिल्या तारखेला त्यांच्या हातात द्या. कारखान्यावर न गेलेली एखादी आई त्यांच्या मदतीला घेता आली तर तिचीही रक्कम त्याच ठरावात बसवा.

वर्गवार नोंदीचा पहिला आठवडा झाला की मला कळवा. मुली आणि तांड्यावरची मुलं वेगळी मांडून पाठवा, म्हणजे पुढचं बोलता येईल.